एक टक्का प्लॅटिनम आणि बाकी सगळं

मला मिळालेलं काम कागदावर अगदी साधं होतं. वजनाने १ टक्का प्लॅटिनम असलेले कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता अभिक्रिया जलद करणारे पदार्थ) वेगवेगळ्या तऱ्हांनी बनवायचे आणि प्रत्येकात धातू नेमका कुठे, केवढ्या कणांत बसलाय ते शोधायचं. जोडीला थोडे निकेलचे, थोडे कोबाल्टचे नमुने. घटक तेच, प्रमाण तेच. बदलायचं ते फक्त बनवतानाचं पाणी, आम्लता, वाळवण, तापमान आणि वरून जाणारा वायू. असे नमुने रासायनिक तपासणीला दिले तर सगळ्यांचे आकडे सारखे येतात. रिॲक्टरमध्ये मात्र एक धावत सुटतो आणि दुसरा ढिम्म हलत नाही.

हे सगळं कशासाठी, ते आधी थोडक्यात. प्लॅटिनमच्या कणात काम करतात ते फक्त पृष्ठभागावरचे अणू. पोटातले फुकट जातात. म्हणून हा महागडा धातू ॲल्युमिना, सिलिका, टिटॅनिया अशा बारीक छिद्रांच्या पदार्थावर, म्हणजे सपोर्टवर, पसरवतात. एकूण अणूंपैकी किती बाहेर उघडे आहेत, त्या प्रमाणाला डिस्पर्शन म्हणतात. प्लॅटिनमसाठी ढोबळ हिशेब असा: १.१ ला कणाच्या नॅनोमीटरमधल्या व्यासाने भागायचं. २ नॅनोमीटरचा कण असेल तर निम्म्याहून थोडे जास्त अणू कामाला लागतात, १० नॅनोमीटरचा असेल तर जेमतेम ११ टक्के. एक ग्रॅम प्लॅटिनममधला प्रत्येक अणू बाहेर आणता आला तर साधारण २५० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. आमची सगळी धडपड या आकड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाण्याची. तिथे पोचल्यावर टिकून राहणं हे आणखी वेगळं प्रकरण.

पहिली पद्धत सगळ्यांना येते ती: जेवढी छिद्रं तेवढंच द्रावण. सपोर्टच्या छिद्रांत किती पाणी मावतं हे आधी नुसत्या पाण्याने बघून घ्यायचं. १२० अंशांना वाळवलेली गॅमा ॲल्युमिना बीकरमध्ये घ्यायची, ब्युरेटने थेंब थेंब पाणी सोडायचं आणि काचकांडीने हलवत राहायचं. गंमत म्हणजे बराच वेळ काहीच होत नाही. पाणी जातंय, पण पावडर कोरडीच दिसते, बीकर कलता केला की सुटी घरंगळते. मग एका थेंबाला ती अचानक काचेला चिकटते, गोळे धरते. तिथे थांबायचं आणि आकडा लिहायचा. गॅमा ॲल्युमिनाला ग्रॅममागे अर्धा ते एक मिलिलिटर लागतं. मग तेवढ्याच पाण्यात हवं तितकं प्लॅटिनमचं संयुग विरघळवून तीच कृती पुन्हा. बाटली उघडी राहिलेली असली तर ॲल्युमिना हवेतलं पाणी आधीच पिऊन बसलेली असते, आणि मग सगळा हिशेब चुकतो. म्हणून वाळवणं आधी, वजन नंतर.

इथपर्यंत पाककृतीसारखं वाटतं. खरी भानगड सुरू होते ती पृष्ठभागावरच्या विद्युतभारापासून.

ॲल्युमिनाच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात. पाणी आम्लधर्मी असलं की ते प्रोटॉन घेऊन धन होतात, अल्कधर्मी असलं की प्रोटॉन सोडून ऋण. मधे एक पीएच असा येतो की एकूण भार शून्य. ॲल्युमिनाचा हा बिंदू ८ च्या आसपास, टिटॅनियाचा ६ च्या, सिलिकाचा २ ते ४ च्या दरम्यान. हे तीन आकडे मी बाकावर समोरच चिकटवून ठेवले होते, कारण कुठलं संयुग कुठे धरेल हे त्यांवरूनच ठरतं. क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडचा आयन, म्हणजे क्लोरोप्लॅटिनेट, ऋण असतो, त्याला ॲल्युमिना आवडते. टेट्राअमीन प्लॅटिनम धन असतं, त्याला सिलिका, आणि तीही पीएच १० च्या वर नेल्यावर. मात्र ११ च्या फार पुढे गेलात तर सिलिका स्वतःच विरघळायला लागते, त्यामुळे खेळायला जागा थोडीच.

एकदा हे डोळ्यांनी बघावं असं मी सुचवेन. दोन परीक्षानळ्यांत क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडचं एकसारखं पिवळं-नारिंगी द्रावण घ्या. एकीत ॲल्युमिना टाका, दुसरीत सिलिका. हलवून थोडा वेळ ठेवलं की पहिल्या नळीत वरचं पाणी फिकं होत होत जवळजवळ बिनरंगी होतं आणि खाली पिवळी पावडर बसते. दुसऱ्या नळीत पाणी तसंच पिवळं. गाळून धुतलं तर सिलिका पांढरीफटक निघते आणि प्लॅटिनम सगळं गाळलेल्या पाण्यात. सिलिकावरही याच ॲसिडचं प्लॅटिनम चढवता येतं, नाही असं नाही. छिद्रांत भरून वाळवलं की झालं. पण ते धरून बसलेलं नसतं, नुसतं सुकलेलं असतं. पुढे उष्णता लागली की ते गोळा होऊन मोठे कण बनवणार, हे तिथेच ठरून जातं.

याच टप्प्यावर पीएच मीटरने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती कळल्यापासून शोधनिबंधांतलं एक वाक्य मला खुपायला लागलं. ‘द्रावणाचा पीएच ३ ठेवला’ असं सर्रास लिहिलेलं असतं. ३ पीएचच्या द्रावणात भरपूर ॲल्युमिना घालून मीटरकडे बघत बसा. आकडा वर चढायला लागतो, ४, ५, आणि चढतच राहतो. ग्रॅमभर पावडरीला २०० चौरस मीटर पृष्ठभाग आणि पाणी मिलिलिटरभर. एवढ्याशा पाण्यातले प्रोटॉन त्या पृष्ठभागाला कुठे पुरणार? तो ते गिळून पाण्याला आपल्या शून्य बिंदूकडे ओढतो. त्यामुळे सुरुवातीचा पीएच सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही, शेवटचा सांगायला हवा. क्लोरोप्लॅटिनेट ॲल्युमिनावर सर्वांत जोमाने चढतं ते शेवटचा पीएच ४ च्या आसपास असताना. त्याहून फार खाली गेलं तर द्रावणात आयनांची इतकी गर्दी होते की विद्युत ओढच झाकली जाते, शिवाय ॲल्युमिना थोडी विरघळतेही.

पावडरवरून मी गोळ्यांकडे वळले. कारखान्यात पावडर वापरत नाहीत. काही मिलिमीटरच्या गोळ्या किंवा दांडके असतात. गोळी द्रावणात टाकली की बाहेरून तरी एकसारखी पिवळी होते. हायड्रोजनमध्ये रिड्यूस केल्यावर, म्हणजे संयुगाचा धातू केल्यावर, बाहेरून एकसारखी करडी. पुढचं काम ब्लेडचं. गोळी चिमट्यात धरून मधोमध कापली की आतला भाग पांढरा, आणि कडेने एक काळसर रेघ, नखाच्या कडेएवढी बारीक. सगळं प्लॅटिनम त्या रेघेत.

असं का होतं ते गणिताने लगेच पटतं. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला साधारण १.६ मायक्रोमोल क्लोरोप्लॅटिनेट धरू शकतो. २०० चौरस मीटरला ३२० मायक्रोमोल. आणि १ टक्का प्लॅटिनम म्हणजे ग्रॅममागे फक्त ५१ मायक्रोमोल. जागा सहापट, गिऱ्हाईक एकपट. त्यामुळे आत शिरणारा प्रत्येक आयन दारातच पकडला जातो आणि आतपर्यंत पोचतं ते नुसतं पाणी. या रचनेला ‘एग-शेल’ म्हणतात.

मग त्याच द्रावणात मी थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं. त्याचे आयन जागांसाठी स्पर्धा करतात, दारातली गर्दी वाढते आणि प्लॅटिनम आत सरकतं. कापलेली गोळी आता बरीच आतपर्यंत करडी दिसली. सायट्रिक ॲसिड घातल्यावर तर चित्रच पालटलं: बाहेरची कड पांढरी, त्याच्या आत करडं कडं, आणि मधोमध पुन्हा पांढरं. सायट्रेट ॲल्युमिनाला इतकं घट्ट बसतं की बाहेरच्या जागा तोच बळकावतो आणि प्लॅटिनमला पुढे ढकलतो. प्रमाण वाढवत नेलं तर ते कडं आकसत पार गाभ्यात जातं. ‘एग-व्हाइट’ आणि ‘एग-योक’ ही नावं तिथून आली. कापलेल्या गोळ्या मी एका पांढऱ्या कार्डावर क्रमाने चिकटवून ठेवल्या. आमच्या लॅबच्या मॅडमनी ते कार्ड हातात घेतलं आणि म्हणाल्या, “यातला चांगला कुठला?” मी एकसारखा पसरलेला दाखवला. त्या म्हणाल्या, “कशासाठी चांगला, ते विचारलंस का?”

प्रश्न रास्त होता. इथिलीनमधला थोडासा ॲसिटिलीन हायड्रोजन घालून काढायचा असतो तेव्हा पॅलेडियम मुद्दाम कडेलाच ठेवतात. अभिक्रिया इतकी जलद की वायू गोळीच्या पोटात पोचेपर्यंत संपतो. आणि पोचलाच तर तिथे रेंगाळून इथिलीनचंही इथेन करून बसेल. उलट जिथे वायूबरोबर कॅटॅलिस्टला निकामी करणारं विष येतं आणि ते बाहेरच्या थरात अडकतं, किंवा गोळ्या एकमेकींवर घासून झिजतात, तिथे धातू आत लपवलेला बरा.

निकेलच्या बाबतीत ही चैन नव्हती. निकेल नायट्रेट सिलिकाला फारसं चिकटत नाही, ते छिद्रांतल्या पाण्यात मोकळं फिरत असतं. त्यामुळे तिथे सूत्रं जातात वाळवण्याच्या हाती. पाणी गोळीच्या बाहेरच्या बाजूने उडतं, केशाकर्षणाने आतलं द्रावण बाहेर ओढलं जातं आणि जाताना क्षार बरोबर नेतं. त्याच वेळी कडेला वाढलेली तीव्रता क्षाराला विसरणाने परत आत ढकलत असते. दोघांत कोण जिंकतं हे वाळवण्याच्या वेगावर आणि द्रावण किती पातळ-घट्ट आहे त्यावर. मी एकाच भिजवलेल्या ढिगाचे भाग करून एक ओव्हनमध्ये, एक खोलीच्या तापमानाला आणि एक निर्वातात वाळवला. नुसत्या डोळ्यांनीही हिरव्या रंगाची वाटणी प्रत्येकात निराळी दिसत होती. मग नायट्रेटऐवजी निकेल सायट्रेट घेतलं. ते वाळताना स्फटिक धरत नाही, पाकासारखं दाट होत जातं आणि दाट झालं की हलत नाही. जिथे होतं तिथेच सुकतं. ही युक्ती जुनी आहे, पण मला तिचं मोल त्या तीन हिरव्यांशेजारी चौथा नमुना ठेवल्यावर कळलं.

‘रात्रभर वाळवला’ हे जे लिहितात, त्याबद्दलही माझं मत तेच. कशात, किती जाड थरात, झाकून की उघडा? पसरट ताटलीत पातळ थर आणि उंच क्रुसिबलमध्ये दाबून भरलेली पावडर हे दोन वेगळे प्रयोग आहेत.

आता भट्टी. कॅल्सिनेशनचं, म्हणजे भाजण्याचं, काम वरकरणी एवढंच की क्षाराचं ऑक्साइड व्हावं आणि नको ते वायू निघून जावेत. निकेल नायट्रेटमध्ये पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात. ५७ अंशांच्या सुमारास ते स्वतःच्याच पाण्यात वितळतं. पुढे तापवलं की आधी बेसिक नायट्रेट बनतं, मग ३०० अंशांच्या आसपास निकेल ऑक्साइड, आणि सोबत नायट्रोजनचे ऑक्साइड, ऑक्सिजन, वाफ. मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद पेटीसारख्या भट्टीत, हवा कोंडलेली असते, ते वायू पावडरीतच घुटमळतात आणि त्यांच्या सान्निध्यात ऑक्साइडचे कण भराभर वाढतात. फर्नेसचं दार उघडल्यावर तपकिरी वायूचा तो उग्र वास आला की समजायचं, आतल्या कणांनी तो भरपूर खाल्लाय.

म्हणून दुसरा भाग मी नळीच्या भट्टीत, पातळ थरातून वायू खेळवत तापवला. एक हवेत, एक नायट्रोजनमध्ये, आणि एक १ टक्का नायट्रिक ऑक्साइड मिसळलेल्या हीलियममध्ये. तिसरी कल्पना युट्रेख्त विद्यापीठातल्या क्रिन द याँग यांच्या गटाची. त्यांनी २००७ च्या सुमारास ती निकेल आणि कोबाल्टच्या नायट्रेटवर वापरून दाखवली. वाचताना पटत नाही, कारण नायट्रेट फुटताना जे वायू निघतात त्यांचाच भाऊबंद बाहेरून घालायचा. पण नायट्रिक ऑक्साइड सुटणारा ऑक्सिजन उचलून घेतो, फुटणं सौम्य होतं आणि कण लहान राहतात. सिलिण्डर विषारी वायूचा, त्यामुळे फ्यूम हूड, डिटेक्टर, गळती तपासणं हा सगळा जामानिमा. निकाल एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनाने, बघितला. हवेतल्या नमुन्याची निकेल ऑक्साइडची शिखरं उंच आणि टोकदार, म्हणजे कण मोठे. नायट्रिक ऑक्साइडमधल्या नमुन्याची त्याच जागी बसकी, रुंद टेकाडं. निकेल दोन्हींत तेवढंच.

प्लॅटिनमच्या अमीनवाल्या नमुन्यात प्रश्न वेगळा: आधी हवेत भाजायचं की थेट हायड्रोजन सोडायचा? झिओलाइटच्या, म्हणजे आत रेणूएवढे पिंजरे असलेल्या स्फटिकी सपोर्टच्या, बाबतीत उत्तर जुनं आहे. डल्ला बेट्टा आणि बुदार यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की वाय-झिओलाइटमधलं टेट्राअमीन थेट हायड्रोजनमध्ये तापवलं तर मधेच एक भारहीन, चपळ हायड्राइड बनतं. ते पिंजऱ्यांतून निसटून एकत्र येतं आणि कण मोठे होतात. आधी ऑक्सिजनमध्ये सावकाश तापवून अमोनिया घालवला तर प्लॅटिनम पिंजऱ्यातच राहतं. हे वाचून कुणी सरसकट नियम करेल की आधी भाजलेलं बरं. सिलिकावर मात्र मी जितकं जास्त तापमानाला भाजलं तितके कण मोठे मिळाले, आणि नुसतं वाळवून थेट रिड्यूस केलेला नमुना सरस निघाला. सिलिका प्लॅटिनम ऑक्साइडला धरून ठेवत नाही, ॲल्युमिना ठेवते. सपोर्ट बदलला की नियम बदलतो. दुसऱ्याच्या कृतीतलं तापमान उचलून आपल्या सपोर्टला लावण्यात अर्थ नाही.

किती तापवलं तर कण हलायला लागतात, याचा एक ढोबळ अंदाज असतो. धातूच्या वितळबिंदूच्या, केल्विनमध्ये धरून, तीन दशांशाला पृष्ठभागावरचे अणू सुटायला लागतात आणि निम्म्याला आतलेही. पहिल्याला ह्युटिग आणि दुसऱ्याला टॅमान तापमान म्हणतात. प्लॅटिनमसाठी ते साधारण ३४० आणि ७५० अंश सेल्सिअस येतात. तांब्याचं टॅमान तापमान ४०० च्या जरा वर, म्हणून तांब्याचे कॅटॅलिस्ट इतके नाजूक. पण हे नुसत्या धातूचे आकडे आहेत. सपोर्ट, क्लोराइड, वाफ, ऑक्सिजन हे सगळे त्यात आपापलं बोट घालतात. हवेत ८०० च्या पुढे गेलं तर प्लॅटिनम ऑक्साइड होऊन चक्क उडतं आणि दुसऱ्या कणावर जाऊन बसतं.

रिडक्शनमध्ये सगळं लक्ष हायड्रोजनवर असतं, पण माझ्या मते नजर ठेवायची ती पाण्यावर. ऑक्साइडचा धातू होताना वाफ तयार होते आणि ती वाफ कणांना चालायला लावते. जाड थर, मंद प्रवाह, भराभर चढणारं तापमान, हे तिन्ही एकत्र आलं की आतल्या थराला हायड्रोजनपेक्षा वाफच जास्त मिळते. मी थर पातळ ठेवला, प्रवाह जोरात आणि तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनी वर. लॅबमधला एक सीनियर, त्याला सगळे दादाच म्हणतात, घड्याळ बघून म्हणायचा, “अगं, या वेगाने उद्या सकाळ होईल.” व्हायचीही. निकेलचा नमुना असेल तर आणखी एक पायरी: थंड झाल्यावर थेट हवेत काढायचा नाही. ताजं बारीक निकेल हवा लागताच तापून लाल होऊ शकतं. आधी नायट्रोजनमध्ये अगदी थोडा, १ टक्क्याच्या आतबाहेर ऑक्सिजन सोडून वरचा थर शांत करायचा, मगच उघडायचं.

मोजणीत सर्वांत भरवशाचं काम हायड्रोजनच्या रसायनशोषणाचं, म्हणजे धातूचा पृष्ठभाग रासायनिक बंधाने किती वायू धरतो ते बघण्याचं. पृष्ठभागावरच्या एका प्लॅटिनम अणूला हायड्रोजनचा एक अणू धरला तर १ टक्का प्लॅटिनम पूर्ण पसरलेलं असताना ग्रॅममागे सुमारे ०.५७ मिलिलिटर हायड्रोजन शोषला जायला हवा. इतक्या थोड्या वायूत यंत्राची बारीकशी गळतीही मोठी वाटते. म्हणून दोनदा मोजायचं: एकदा पूर्ण, मग निर्वात करून ढिला धरलेला वायू काढून पुन्हा, आणि वजाबाकी. अगदी लहान कणांवर प्लॅटिनमच्या एका अणूमागे हायड्रोजनचं प्रमाण कधी एकाच्या वरही जातं, कारण कोपऱ्यावरचा अणू एकापेक्षा जास्त हायड्रोजन धरतो. तेव्हा ‘एकशे दहा टक्के डिस्पर्शन’ बघून हुरळून जाऊ नये. पॅलेडियमला तर हायड्रोजन पोटात घ्यायची खोड आहे, तिथे दाब कमी किंवा तापमान थोडं जास्त ठेवावं लागतं, नाहीतर पृष्ठभाग मोजतोय की पोट हेच कळत नाही.

एक्सआरडी ॲल्युमिनावर जवळपास निरुपयोगी ठरली. प्लॅटिनमची शिखरं ३९.८, ४६.२ आणि ६७.५ अंशांना येतात, आणि गॅमा ॲल्युमिनाची रुंद टेकाडं नेमकी तिथेच बसलेली असतात. सिलिकावर तसा त्रास नाही, पण २ नॅनोमीटरच्या खालचे कण तिथेही दिसत नाहीत. शिखर दिसत नाही म्हणून कण लहान, हा निष्कर्ष अर्धाच बरोबर; दिसतं तेव्हा ते मोठ्या कणांचं असतं आणि बाकीचे गप्प बसलेले असतात. टीईएमला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला, कण दिसतात, पण तिथे आपण ग्रॅमचा किती अंश बघतोय हे विसरायचं नाही.

टिटॅनियाचा नमुना मात्र अशा सगळ्या मोजण्यांना एकमेकींच्या विरोधात उभं करतो. त्याच प्लॅटिनम-टिटॅनियाचा एक भाग मी २०० अंशांना रिड्यूस केला, दुसरा ५०० ला. पहिल्याने हायड्रोजन नीट शोषला. दुसऱ्याने जवळजवळ काहीच नाही. नुसता तेवढा आकडा हातात असता तर कुणीही म्हणालं असतं, कण वितळून मोठे झाले. पण टीईएममध्ये दोन्हींतले कण सारखेच बारीक. पावडरचा रंग मात्र बदललेला, निळसर करडी झाक आलेली. टॉस्टर, फंग आणि गार्टन यांनी एक्सॉनच्या प्रयोगशाळेतून १९७८ मध्ये हाच प्रकार प्लॅटिनमसकट सहा धातूंवर नोंदवला होता. पुढे उलगडा झाला तो असा की जास्त तापमानाला टिटॅनिया अर्धवट रिड्यूस होतो आणि त्याचा पातळ थर सरकत धातूच्या कणावर चढतो. धातू जागेवरच असतो, त्याच्यावर पांघरूण पडतं. मी तो नमुना ४०० अंशांना ऑक्सिजनमध्ये तापवून पुन्हा २०० ला रिड्यूस केला, आणि शोषण बऱ्यापैकी परत आलं. खरोखर मोठा झालेला कण असा सहजी माघारी येत नाही.

कोबाल्ट-ॲल्युमिनाने याच्या उलटा धडा दिला, आणि त्याला यंत्रही लागलं नाही. कमी तापमानाला भाजलेला नमुना काळा: कोबाल्टचा ऑक्साइड वर बसलेला. जास्त तापवलेला निळा. तो निळा कोबाल्ट ॲल्युमिनेटचा, चित्रकारांच्या रंगपेटीतलाच. म्हणजे कोबाल्ट सपोर्टच्या जाळ्यात शिरलंय आणि आता ८०० अंशांच्या आसपास नेल्याशिवाय हायड्रोजनला दाद देणार नाही. क्रुसिबलच्या तळाशी निळसर छटा दिसली की तो नमुना मी रिॲक्टरला लावायच्या भानगडीत पडत नाही.

सोन्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण तयारीच्या पद्धतीने एखादा धातू अख्खा बदलून गेल्याचं याहून ठळक उदाहरण नाही. क्लोरोऑरिक ॲसिडमध्ये सपोर्ट भिजवून भाजलं की उरलेलं क्लोराइड सोन्याच्या कणांना भराभर एकत्र आणतं. जांभळट, मोठ्या कणांचं, कामाला आळशी असं काहीतरी मिळतं. वर्षानुवर्षं म्हणूनच सोनं कॅटॅलिस्ट म्हणून निकामी समजलं गेलं. मासाताके हारुता यांनी १९८० च्या दशकात अवक्षेपणाने सोनं ऑक्साइडवर बसवलं, काही नॅनोमीटरचे कण मिळवले आणि शून्याखाली ७० अंशांना कार्बन मोनॉक्साइड जाळून दाखवला. मी टिटॅनियावर करून बघितलं ते पीएच ८ च्या जवळ ठेवून, ७०-८० अंशांना, आणि नंतर धुणं, धुणं, धुणं. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून दुधाळपणा यायचा थांबेपर्यंत.

मजा अशी की तेच क्लोराइड प्लॅटिनम-ॲल्युमिनाला मित्र ठरतं. पेट्रोलच्या रिफॉर्मिंगमध्ये, म्हणजे त्याचा दर्जा वाढवण्याच्या प्रक्रियेत, वापरून मोठे झालेले प्लॅटिनमचे कण क्लोरीन आणि ऑक्सिजनच्या संगतीत तापवून पुन्हा फोडतात, पसरवतात. सोन्यासाठी जे धुऊन काढायचं, तेच तिकडे मोजून घालायचं.

आता मॅडमनी ग्रॅमांवरून शंभर ग्रॅमांवर जायला सांगितलंय. भिजवताना अडचण आली नाही. वाळवताना ट्रेमधल्या वरच्या आणि खालच्या थराचं शोषण वेगवेगळं येतंय, म्हणून रोटरी इव्हॅपोरेटरवर, सतत फिरवत वाळवायची जुळवाजुळव सुरू आहे. नोंदवहीत ‘रात्रभर वाळवला’च्या जागी थराची जाडी, प्रवाहाचा वेग आणि तापमान चढवण्याचा दर असे तीन रकाने आखलेत. भट्टीच्या नळीत तापमान मोजणारा थर्मोकपल थराच्या आत बसवायचा की बाहेर, यावर दादाशी वाद अजून मिटलेला नाही.